पडद्यामागचे मालक

काकूंना 'नाही' म्हणता येत नसे. असं सांगितलं की लोकांना वाटतं, वा, काय मोठं मन! मोठं मन कसलं डोंबलाचं! मनातल्या मनात त्या दिवसातून पन्नास वेळा 'नाही' म्हणत. फक्त ते तोंडापर्यंत येईतो त्याचं 'बघते हं' होऊन जाई.

यात त्यांचा एकटीचा दोष नव्हता. सव्वीस वर्षं त्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाच्या माडीवर आल्टरचं काम करत होत्या. खाली तयार कपडे विकले जात. घरी गेल्यावर गिऱ्हाइकाला कळे की आपलं पोट आपल्याला वाटतं त्याच्या चार बोटं पुढे आहे. मग तो कपडा माडीवर येई. काकू उसवत, सोडत, आत घेत, तुरपाई घालत. खाली गल्ल्यावर मालक बसत आणि 'नाही' म्हणायचं काम त्यांचं होतं. उद्या मिळणार नाही, हे जमणार नाही, याच्यापेक्षा कमी होणार नाही. फार सुरेख नाही म्हणायचे ते! एखादं चिवट गिऱ्हाईक जिना चढून वर आलंच, तर काकू सुईतून मान वर न काढता म्हणत, "मालकांना विचारून सांगते." हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं रुळलं होतं की एकदा नणंदेने "सुट्टीत आठ दिवस येऊ का राहायला?" असं विचारल्यावर त्या तिलाही तेच म्हणाल्या. नणंद ते अजून विसरलेली नाही.

पुढे मालक थकले. मुलांना दुकानात रस नव्हता. दुकान बंद झालं आणि शेवटच्या दिवशी मालकांनी माडीवरचं मशीन काकूंना देऊन टाकलं. "घेऊन जा," ते म्हणाले, "नाहीतरी हे दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही." काकू त्रेपन्न वर्षांच्या होत्या. मशीन घरी आलं, बाहेरच्या खोलीत बसलं, आणि काकू त्याच्यासमोर बसल्या.

त्याच सुमाराला नव्या बाजाराच्या इमारतीत दहा छोटे गाळे पहिल्यांदाच धंदा करणाऱ्यांसाठी राखून ठेवल्याची बातमी काकूंच्या लेकीने आणली. भाडं नावाला होतं. अट मात्र कडक होती. गाळा ज्याच्या नावावर, धंदा त्याचाच हवा आणि चालवायचाही त्यानेच. नाव एकाचं आणि कारभार दुसऱ्याचा असं आढळलं तर गाळा रद्द. आधी तीन महिने तात्पुरता द्यायचे, मग पाहणी, आणि पाहणीत सगळं ठीक निघालं तर कायम.

लेक विमा कंपनीत नोकरीला, बोलायला फटकळ, म्हणजे आईच्या बरोब्बर उलट. तिने नोंदणीचा फॉर्म आईपुढे ठेवला आणि 'एकल मालकी' या चौकटीत खूण केली.

"एकल म्हणजे गं?"

"म्हणजे तू. भागीदार नाही, कंपनी नाही. धंदा आणि तू वेगळे नाहीतच. फायदा झाला तर तुझा, तोटा झाला तर तुझा, आणि चूक झाली तर तीही तुझीच."

"एवढं सगळं माझं एकटीचं?"

'मालकाचे नाव' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात काकांचं, म्हणजे आपल्या नवऱ्याचं नाव लिहिलं. लेकीने फॉर्म फाडला. दुसऱ्या फॉर्मवर त्यांनी, तुम्हाला खोटं वाटेल, जुन्या मालकांचं नाव लिहिलं. हात आपोआप तिकडे गेला, त्याला त्या तरी काय करणार? तिसरा फॉर्म लेकीने शेजारी पोलिसासारखं बसून भरून घेतला. कचेरीच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "सही मालकांचीच लागेल, मालक कुठे आहेत?" तेव्हा काकूंनी मालकांना शोधायला मागे वळून पाहिलं. मागे लेक उभी होती. तिचा चेहरा बघून काकूंनी मुकाट्याने पेन हातात घेतलं.

तर असा हा 'उसवण-शिवण' नावाचा धंदा सुरू झाला. गाळा आठ फूट रुंद, दहा फूट खोल. पुढे फळीचा काउंटर, भिंतीवर उभा आरसा, आणि मागचा अर्धा भाग जाड निळ्या पडद्याने झाकलेला. पडद्याआड मशीन, इस्त्रीचं टेबल, रिळांचा खोका आणि एक स्टूल. समोरच्या गाळ्यात किल्लीवाले बसायचे. पोटात काही न राहणारा, मदतीला धावणारा माणूस. अशा माणसांपासून देव वाचवो, पण ते पुढे येईलच.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक कंत्राटदार. त्यांनी काउंटरवर पँट टाकली. "कमरेला तीन इंच सोडायची. संध्याकाळी नेतो."

काकूंनी कंबरपट्टा उलटा करून पाहिला. शिंपी शिवणीच्या आत जादा कापड राखतात, त्याला माया म्हणतात. इथे ती जेमतेम दीड इंच होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सरळ सांगायचं, होणार नाही. काकूंनी तोंड उघडलं, कंत्राटदारांच्या मिशांकडे पाहिलं, आणि तोंडातून बाहेर पडलं, "मालकांना विचारून सांगते."

जीभ चावली, पण उपयोग काय? कंत्राटदारांनी पडद्याकडे अदबीने पाहिलं आणि म्हणाले, "विचारा, विचारा."

आता आत जाण्यावाचून इलाज नव्हता. काकू पडद्याआड गेल्या आणि मशीनसमोर उभ्या राहिल्या. मशीनने काही मत दिलं नाही. त्यांनी मनात तीस आकडे मोजले, पदराने कपाळ पुसलं आणि बाहेर आल्या. "मालक म्हणतात दीड इंच सुटेल. त्याच्यावर धागासुद्धा नाही. आणि परवाशिवाय मिळणार नाही."

हेच त्या स्वतः म्हणाल्या असत्या, तर कंत्राटदारांनी अर्धा तास हुज्जत घातली असती. मालक म्हणतात म्हटल्यावर ते फक्त "बरं" म्हणाले आणि निघून गेले. काकू कितीतरी वेळ त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. एवढं सोपं असतं होय!

मग काय, चटक लागली. दुसऱ्या दिवशी एकदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, आणि पंधरा दिवसांत मालक रीतसर गाळ्यात राहायला आले. त्यांना स्वभाव फुटला. मालकांना घासाघीस खपत नाही. मालक शनिवारी चेन बदलायचं काम घेत नाहीत. दुसरीकडे बिघडवून आणलेला कपडा मालक हातात धरत नाहीत. कोणी विचारलं की ते बाहेर का येत नाहीत, तर त्यांचा गुडघा दुखायचा. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. ज्या बाईला उभ्या जन्मात नणंदेला टाळता आलं नाही, ती आता तासाला एक थाप ठोकत होती, आणि तीही अशी सफाईदार की पडद्याआड तीस आकडे मोजताना तिला स्वतःलाच मालकांचा थोडा धाक वाटे.

गिऱ्हाइकांना तर मालक भयंकर आवडले. आजकाल असा शब्दाचा पक्का माणूस मिळतो कुठे? एका शिक्षिकेने कोट वेळेवर मिळाला म्हणून मालकांसाठी बिस्किटांचा पुडा आणला. काकूंनी तो आत नेला, नको नको म्हणत एक बिस्कीट खाल्लं, मग दुसरं खाल्लं, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "मालक खूश झाले." किल्लीवाले रोज सकाळी शटर वर करताना समोरून ओरडत, "काकू, मालकांना नमस्कार सांगा!" काकू सांगते म्हणत.

घरी काकांना यात भारी मजा वाटायची. ते पाणी खात्यातून निवृत्त झालेले, जन्मभर लोकांचे मीटर वाचले, बोलायला कोणी मिळालं नाही. जेवताना विचारत, "काय, आज काय म्हणाले तुमचे मालक?" आणि ऐकून झालं की कृत्रिम सुस्कारा टाकत. "तीस वर्षं नवरा आहे मी. माझं कधी एवढं ऐकलं नाहीस."

लेकीला मात्र हे कळलं तेव्हा ती हसली नाही. एका दुपारी ती गाळ्यात आली होती आणि तिने आपल्या कानांनी ऐकलं. गिऱ्हाईक गेल्यावर तिने पडदा बाजूला केला, रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, तू स्वतःच्या दुकानात नोकरीला लागलीस?"

"अगं, काम होतंय ना सगळं? कोणाचं काय बिघडलं?"

"पाहणी आहे पुढच्या आठवड्यात. बाजारभर झालंय की इथे कोणी दुसराच मालक आहे. गाळा जाईल, कळतंय का तुला?"

काकूंना कळत होतं. चांगलं कळत होतं. या आठ बाय दहाच्या खोक्यात त्यांचा जीव अडकला होता. सकाळी स्वतःच्या हाताने कुलूप काढायचं, मशीनला तेल घालायचं, कुठल्या कपड्याला आधी हात घालायचा ते आपण ठरवायचं. गाळा गेला असता तर परत घरच्या बाहेरच्या खोलीत मशीनसमोर बसणं आलं, आणि त्या कल्पनेने त्यांना रात्री झोप लागत नव्हती. रोज त्या ठरवत, आज सांगून टाकायचं. पण कोणाला आणि काय सांगायचं? मालक वारले म्हणायचं? किल्लीवाल्यांनी तर दोन दिवस गाळा बंद ठेवला असता.

पाहणीचे साहेब मंगळवारी आले, आणि नेमके आधी समोर गेले. गळ्यात दोरीने पेन अडकवलेलं, बगलेत फाईल, शांत माणूस. त्यांनी किल्लीवाल्यांना सहज विचारलं, "समोरचं दुकान कसं चालतं?"

किल्लीवाल्यांना वाटलं, शेजारधर्माला जागायची हीच वेळ. "एक नंबर चालतं साहेब! मालक म्हणजे शिस्तीचा माणूस. एकदा शब्द दिला की दिला. काकू बिचाऱ्या दिवसभर राबतात, पण शेवटचा शब्द मालकांचाच."

भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं ते. काकू काउंटरमागून सगळं ऐकत होत्या आणि त्यांच्या हातातला खडू घामाने ओला झाला होता.

साहेब काउंटरपाशी आले, फाईल उघडली. "गाळा आपल्या नावावर?"

"हो."

"मालकांना जरा बाहेर बोलवा."

"मालक... मीच आहे."

"मग आत कोण आहे?"

"आत कोणी नाही."

"काकू, घाबरू नका," किल्लीवाले आपला गाळा टाकून मागोमाग आले होते. "गुडघ्याचा त्रास आहे साहेब त्यांना. मी हात देतो, येतील ते."

साहेबांनी पडदा बाजूला सारला. मशीन होतं, स्टूल होतं, आणि खुंटीवर एक भला मोठा पुरुषी कोट होता, त्याच्या खिशातून चष्मा डोकावत होता. गिऱ्हाइकाचा होता हो तो! पण हे त्या घटकेला कोण ऐकणार?

"कोट मालकांचा?" साहेबांनी विचारलं.

"बाह्या आखूड करायला आलाय."

किल्लीवाल्यांनी स्टुलाखाली वाकून पाहिलं. मागच्या भिंतीत वीतभर खिडकी होती, तिच्याकडेही त्यांनी एकदा संशयाने पाहून घेतलं. तिच्यातून फार तर मांजर निघालं असतं. "आत्ता तर होते," ते पुटपुटले.

साहेबांनी फाईल काउंटरवर ठेवली. चिडले नव्हते, उलट त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसत होतं. "बाई, असे गाळे मी पुष्कळ पाहिलेत. कागदावर बाईचं नाव, कारभार दुसऱ्याचा. तुमच्यावर दबाव असेल तर तसं सांगा, मी तसं लिहीन. पण गाळा काही राहणार नाही."

"दबाव नाही हो. कोणीच नाही. मीच आपली..." आता आपण आत जाऊन तीस आकडे कसे मोजायचो हे साहेबांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

"गिऱ्हाइकाला कामाचा दिवस कोण देतं?"

काकूंच्या आधी किल्लीवालेच बोलले, "मालक!" आणि मग आपण काय बोललो ते बहुधा त्यांच्या ध्यानात आलं, कारण ते दोन पावलं मागे सरकले. साहेबांनी गळ्यातल्या पेनाचं टोपण काढलं.

नेमके तेव्हा बँडमास्तर आले. आधी त्यांचा आवाज आला, मग कपड्यांचं बोचकं आणि मग ते. त्यांचा चौदा जणांचा बँड होता आणि महिन्यातून एकदा तरी त्यातलं कोणीतरी जाड किंवा बारीक होत असे. गेल्या तीन महिन्यांत त्यांच्याएवढं काम काकूंना दुसऱ्या कोणी दिलं नव्हतं. त्यांनी बोचकं काउंटरवर आदळलं, साहेबांच्या फाईलवरच.

"चौदा कोट! सगळ्यांचे खांदे मोकळे करायचे. वाजवताना हात वर जात नाहीत पोरांचे. गुरुवारी सकाळी हवेत."

मंगळवारची दुपार होती. काकूंनी वरचा कोट उलटला, नकळत बोटं खांद्याच्या शिवणीवरून फिरली. अस्तर चिकटवलेलं, आत पॅड, कॉलरपर्यंत सगळं उसवायला लागणार. एकेका कोटाला अर्धा दिवस. साहेब बघत होते, किल्लीवाले बघत होते. काकूंच्या जिभेवर ते वाक्य येऊन बसलं होतं आणि पाय अर्धे पडद्याकडे वळले होते.

वळलेले पाय त्यांनी थांबवले. कसे, ते त्यांचं त्यांना माहीत.

"गुरुवारी होणार नाही," काकू म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की बँडमास्तरांना ऐकूच गेला नाही. त्या खाकरल्या. "गुरुवारी होणार नाही. नऊ दिवस लागतील."

"तुम्ही कशाला मध्ये बोलता? मालकांना विचारा की!" बँडमास्तरांनी पडद्याकडे तोंड करून आवाज चढवला. "मालक! अहो मालक! गुरुवारी पाहिजेत बरं का!"

"आत कोणी नाही!" काकू ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकावर ओरडल्या असतील. "कधी नव्हतंच. तीन महिने मी आत जाऊन भिंतीशी उभी राहत होते. मला तोंडावर नाही म्हणायची भीती वाटते म्हणून. कंबर सुटणार नाही, शनिवारी चेन होणार नाही, हे सगळं मीच म्हणत होते. आताही मीच म्हणतेय. घाईत खांदे सोडले तर तुमच्या पोरांचे कोट पहिल्या गाण्याला बगलेत फाटतील, आणि नाव माझं जाईल. नऊ दिवस. ठेवायचे तर ठेवा."

बँडमास्तरांनी पडद्याकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. आपण तीन महिने एका रिकाम्या स्टुलाला मान देत होतो हे पचायला जडच होतं. "मालक असते तर केलं असतं त्यांनी," ते म्हणाले. त्यांनी बोचकं उचललं आणि निघाले.

चौदा कोट चालले होते. चार पावलांवर होते, हाक मारली असती तर थांबले असते. 'बघते हं' एवढंच म्हणायचं होतं. काकूंनी दोन्ही हातांनी काउंटरची फळी घट्ट धरून ठेवली आणि तोंड मिटलं. बँडमास्तर कोपऱ्यावरून वळले, दिसेनासे झाले, आणि परत आले नाहीत. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटलं म्हणून आलं, आणि भीती वाटली म्हणूनही आलं, लपवण्यासारखं त्यात काय आहे?

"म्हणजे ते नव्हतेच?" किल्लीवाल्यांचा आवाज कोणी जवळचं गेल्यासारखा झाला होता. "मी रोज त्यांना नमस्कार पाठवत होतो."

"मिळत होता मला," काकू म्हणाल्या. "रोज मिळत होता."

किल्लीवाल्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं आणि आपल्या गाळ्याकडे गेले.

साहेब मात्र हलले नव्हते. ते खूप वेळ लिहीत होते. काकूंनी पदराने डोळे टिपले, खडू जागेवर ठेवला, आणि मग धीर करून विचारलं, "काय लिहिलंत? गाळा राहील का माझा?"

"राहील," साहेब म्हणाले. त्यांनी कागद काकूंकडे वळवला आणि बोट ठेवून वाचून दाखवलं, "पाहणीच्या वेळी मालक स्वतः दुकानात हजर होत्या."

काकूंनी त्या ओळीवरून सावकाश नजर फिरवली. एकदा, दोनदा.

"परत एकदा वाचता का?" त्या म्हणाल्या.